ब्रेकपॉइंट कार्यान्वित न होणे

ब्रेकपॉइंट कार्यान्वित न होणे ही संगणक आज्ञावल्यांच्या दोषनिवारणात वारंवार आढळणारी अडचण आहे. आज्ञावलीची अंमलबजावणी एखाद्या ठरावीक ओळीवर थांबावी आणि त्या क्षणी चलांमध्ये कोणती मूल्ये आहेत हे पाहता यावे, यासाठी प्रोग्रामर त्या ओळीवर जी खूण करतो तिला ब्रेकपॉइंट असे म्हणतात. अशी खूण केलेली असूनही आज्ञावली तेथे न थांबता पुढे निघून गेली, तर ब्रेकपॉइंट 'लागला नाही' असे म्हटले जाते. लेखा, वेतन, साठा, विक्री आणि करआकारणी सांभाळणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण विशेष जाणवते. अशा प्रणालींत एकच व्यवहार अनेक प्रक्रियांमधून, अनेक सर्व्हरांवर आणि काही वेळा निरनिराळ्या वापरकर्त्यांच्या नावाने पार पडत असतो.

ब्रेकपॉइंट न लागण्याचे दोन भिन्न अर्थ संभवतात. पहिला अर्थ असा की, ती ओळ खरोखरच चालली नाही. दुसरा असा की, ओळ चालली, परंतु डीबगरला ते कळले नाही. पहिल्या शक्यतेतून आज्ञावलीविषयी उपयुक्त माहिती मिळते. दुसरीतून केवळ साधनाच्या मांडणीतील उणीव कळते. या दोहोंची गल्लत झाल्यास 'हा कोड वापरातच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. त्यामुळे निदानाची सुरुवात या दोन शक्यता वेगळ्या करण्यापासून होते.

## इतिहास

ब्रेकपॉइंट ही संकल्पना १९४६ मध्ये जनतेसमोर आलेल्या एनिॲक या संगणकाइतकी जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेल्या या यंत्राच्या पहिल्या सहा प्रोग्रामरांपैकी एक असलेल्या बेटी होल्बर्टन यांना या कल्पनेचे श्रेय दिले जाते. एनिॲकमध्ये कामाचा क्रम एका घटकातून दुसऱ्या घटकात तारा जोडून ठरवला जात असे. ठरावीक टप्प्यावर यंत्र थांबवायचे असल्यास तेथील तार काढून घेतली जाई. जोडणी जेथे तोडली जाई त्या जागेवरून 'ब्रेकपॉइंट' हे नाव रूढ झाले.

इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ या प्रक्रियकात ब्रेकपॉइंटसाठी केवळ एका बाइटची स्वतंत्र सूचना होती. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ मध्ये याच कामासाठी खास नोंदवह्या, म्हणजे डीबग रजिस्टर, देण्यात आल्या. या दोन्ही पद्धती आजही वापरात आहेत.

## कार्यपद्धती

ब्रेकपॉइंट का लागत नाही हे समजण्यासाठी तो कसा लागतो हे पाहणे आवश्यक आहे.

सर्वाधिक वापर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटचा होतो. यात डीबगर निवडलेल्या ओळीचा स्मृतीतील पत्ता शोधतो, त्या पत्त्यावरील पहिला बाइट बाजूला जपून ठेवतो आणि त्याच्या जागी थांबण्याची सूचना लिहितो. इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकांत या सूचनेचे मूल्य दशमान पद्धतीत २०४ इतके असते. प्रक्रियक तेथे पोहोचला की कार्यकारी प्रणाली नियंत्रण डीबगरकडे सोपवते. डीबगर मूळ बाइट परत ठेवतो, सूचनादर्शक एक पाऊल मागे नेतो आणि प्रोग्रामरला ती ओळ दाखवतो.

हार्डवेअर ब्रेकपॉइंटमध्ये स्मृतीतील कोड बदलला जात नाही. पत्ता थेट प्रक्रियकाच्या डीबग रजिस्टरमध्ये नोंदवला जातो. इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकांत अशा पत्त्यांसाठी चारच जागा असतात. त्यामुळे पाचवा हार्डवेअर ब्रेकपॉइंट स्वीकारला जात नाही.

जावा, डॉट नेट यांसारख्या मंचांवर मधला स्तर असतो. तेथे यंत्रभाषेतील कोड प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी तयार होतो. म्हणून डीबगर ब्रेकपॉइंटची विनंती त्या मंचाकडे नोंदवतो आणि संबंधित वर्ग किंवा मॉड्यूल लोड झाल्यावरच ती अमलात येते. सॅपच्या अबाप भाषेसारख्या प्रणालींत तर डीबगर हा खुद्द ॲप्लिकेशन सर्व्हरचाच भाग असतो.

या सर्व पद्धतींत ब्रेकपॉइंट लागण्यासाठी पुढील चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात :

* डीबगर योग्य प्रक्रियेला जोडलेला असावा.
* ओळ आणि पत्ता यांची सांगड घालणारी माहिती उपलब्ध व अचूक असावी.
* त्या ओळीसाठी यंत्राने चालवण्याजोगी सूचना अस्तित्वात असावी.
* अंमलबजावणी खरोखर त्या ओळीपर्यंत पोहोचावी.

## सर्वसाधारण कारणे

### चिन्हमाहितीचा अभाव किंवा विसंगती

स्रोतातील ओळ आणि यंत्रभाषेतील पत्ता यांचा संबंध सांगणाऱ्या माहितीला चिन्हमाहिती म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या साधनांत ती पीडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. प्रत्यक्ष चालणारी फाइल आणि पीडीबी या दोहोंत एकच ओळखक्रमांक नोंदलेला असतो. तो जुळला नाही तर डीबगर पीडीबी नाकारतो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये अशा वेळी ब्रेकपॉइंटचे भरीव लाल वर्तुळ पोकळ होते आणि त्यावर इशाऱ्याची खूण दिसते. या पोकळ वर्तुळाकडे दुर्लक्ष करून पुन्हा पुन्हा आज्ञावली चालवण्यात बराच वेळ वाया जातो. वर्तुळावर माउस नेल्यास बहुतेक वेळा नेमके कारण तेथेच लिहिलेले आढळते.

जावामध्ये ओळक्रमांकांची तक्ता-माहिती वर्गाच्या फाइलमध्येच असते. कंपायलर ती सहसा स्वतःहून देतो. परंतु फाइलचा आकार लहान करण्यासाठी ती वगळण्याचा पर्यायही असतो. ती वगळलेली असल्यास ओळीवरचा ब्रेकपॉइंट बसवताच येत नाही.

### जुनी प्रत चालू असणे

प्रोग्रामरच्या पडद्यावरचा कोड आणि सर्व्हरवर चालणारा कोड एकच असतो हे गृहीत अनेकदा चुकीचे ठरते. बदल केल्यावर संकलन न होणे, संकलित फाइल सर्व्हरवर न पोहोचणे किंवा दुसऱ्याच ठिकाणची प्रत उचलली जाणे ही यामागील नेहमीची कारणे होत. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये संगणकव्यापी सामायिक संग्रहात ठेवलेल्या, स्वाक्षरी केलेल्या मॉड्यूलला आज्ञावलीच्या स्वतःच्या फोल्डरमधील प्रतीपेक्षा प्राधान्य मिळते. त्यामुळे फोल्डरमधील फाइल कितीही वेळा बदलली तरी सामायिक संग्रहातील जुनीच फाइल चालत राहू शकते. डीबगरमधील मॉड्यूलांची यादी उघडून लोड झालेल्या फाइलचा पूर्ण मार्ग व दिनांक पाहिल्यास हा प्रकार लगेच उघडकीस येतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टबाबतही हेच घडते. ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यातील जुनी फाइल चालत असते आणि ब्रेकपॉइंट नव्या फाइलवर असतो. तसेच जावास्क्रिप्ट आकुंचित करून पाठवली असेल, तर मूळ ओळींशी तिची सांगड घालणारा सोर्स मॅप सोबत असावा लागतो.

### कंपायलरने केलेले बदल

वेग वाढवण्यासाठी कंपायलर लहान फलनांचा मजकूर हाक मारणाऱ्या ठिकाणीच उतरवतो, निरुपयोगी ओळी गाळतो आणि सूचनांचा क्रम बदलतो. परिणामी स्रोतात दिसणाऱ्या ओळीला यंत्रभाषेत स्वतंत्र जागाच उरत नाही. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये 'फक्त माझा कोड' या अर्थाची सोय सुरू असल्यास असे वेगवर्धित मॉड्यूल परके मानले जातात आणि त्यांतील ब्रेकपॉइंट लागत नाहीत. रिकामी ओळ, टिप्पणी किंवा मूल्य न देता केलेली घोषणा यांवरही थांबता येत नाही. बहुतेक डीबगर अशी खूण पुढच्या चालण्याजोग्या ओळीवर सरकवतात.

### निराळी प्रक्रिया

व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. पडद्यावरचे बटण एका प्रक्रियेत दाबले जाते, पण हिशेब दुसऱ्याच प्रक्रियेत होतो. वेब सर्व्हरच्या अनेक कार्यप्रक्रिया एकाच वेळी चालू असतात आणि विनंती त्यांपैकी कोणाकडेही जाऊ शकते. काही काळानंतर सर्व्हर जुनी प्रक्रिया बंद करून नवी सुरू करतो. तेव्हा डीबगरची जोडणीही तुटते. रात्री चालणारी कामे, ईमेल पाठवणे, मोठे अहवाल तयार करणे यांसाठी सहसा वेगळी प्रक्रिया नेमलेली असते. अनेक सर्व्हरांवर भार वाटून दिला असेल, तर विनंती भलत्याच यंत्रावर पोहोचण्याची शक्यता असते.

### अटी आणि बंद ठेवलेल्या खुणा

सर्व ब्रेकपॉइंट एकदम निष्क्रिय करण्याचे बटण बहुतेक डीबगरांत असते आणि ते चुकून दाबले गेल्याचे लवकर लक्षात येत नाही. पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ब्रेकपॉइंटसाठी भाषेतच एक फलन उपलब्ध आहे. परंतु त्यासाठी नेमलेल्या पर्यावरण-चलाचे मूल्य शून्य असल्यास ते फलन काहीही करत नाही.

सशर्त ब्रेकपॉइंटमध्ये अटच चुकलेली असू शकते. सॅपमध्ये ग्राहकाचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो आणि तो केवळ अंकांचा असल्यास डावीकडे शून्ये भरून साठवला जातो. पडद्यावर मात्र ती शून्ये दिसत नाहीत. त्यामुळे ४७११ या क्रमांकाशी तुलना करणारी अट कधीच खरी ठरत नाही, कारण चलातील प्रत्यक्ष मूल्य ००००००४७११ असे असते.

## व्यावसायिक प्रणालींतील उदाहरणे

### सॅप आणि अबाप

सॅप ही १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेली कंपनी असून तिच्या व्यावसायिक प्रणालींचा मोठा भाग अबाप भाषेत लिहिलेला आहे. अबापमध्ये ब्रेकपॉइंटचे तीन प्रमुख प्रकार आहेत. डीबगर ब्रेकपॉइंट केवळ त्या डीबगरच्या सत्रापुरता टिकतो. सत्र ब्रेकपॉइंट वापरकर्त्याच्या चालू लॉगिनपुरता असतो. बाह्य ब्रेकपॉइंट हा वेबवरून किंवा दुसऱ्या प्रणालीतून दूरस्थ हाकेने आलेल्या विनंत्यांसाठी असतो.

यांपैकी चुकीचा प्रकार निवडणे हे थांबा न मिळण्याचे नेहमीचे कारण आहे. वेबसेवेची तपासणी करताना सत्र ब्रेकपॉइंट लावला तर तो लागत नाही, कारण वेबसेवा वेगळ्या लॉगिनमध्ये चालते. बाह्य ब्रेकपॉइंट ज्या वापरकर्त्याच्या नावे लावला आहे त्याच नावाने विनंती आली पाहिजे. दोन प्रणालींमधील जोडणीसाठी बहुधा एखादे तांत्रिक खाते वापरले जाते. अशा वेळी प्रोग्रामरने स्वतःच्या नावावर लावलेला ब्रेकपॉइंट निरुपयोगी ठरतो. शिवाय बाह्य ब्रेकपॉइंटची मुदत सामान्यतः दोन तासांची असते. सकाळी लागणारा ब्रेकपॉइंट दुपारी लागेनासा होतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

दुसरे कारण अद्यतन कार्यांचे आहे. सॅपमध्ये व्यवहाराच्या नोंदी विदागारात लिहिण्याचे काम वेगळ्या अद्यतन-प्रक्रियेकडे सोपवता येते आणि ते व्यवहार पक्का करण्याची आज्ञा दिल्यानंतर सुरू होते. तेथील कोडमध्ये थांबण्यासाठी डीबगरच्या सेटिंगमध्ये अद्यतन-दोषनिवारणाचा पर्याय चालू करावा लागतो. त्याचप्रमाणे प्रणाली-कार्यक्रम म्हणून नोंदलेल्या कोडसाठी प्रणाली-दोषनिवारणाचा स्वतंत्र पर्याय आहे.

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या जॉबला पडदाच नसतो. त्यामुळे कोडमध्ये लिहिलेली ब्रेकपॉइंटची आज्ञा तेथे अंमलबजावणी थांबवत नाही. फक्त प्रणालीच्या नोंदवहीत तशी नोंद होते. अशा जॉबची तपासणी करण्यासाठी एसएम३७ या व्यवहारात जॉब निवडून आज्ञेच्या चौकटीत जेडीबीजी ही आज्ञा देतात. मात्र यात जॉब नव्याने चालतो, त्यामुळे त्यातील नोंदीही पुन्हा होऊ शकतात.

### मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स

डायनॅमिक्स एएक्स २०१२ या आवृत्तीत एक्स++ भाषेतील कोड दोन प्रकारे चालत असे : जुन्या पद्धतीने दुभाष्यामार्फत किंवा डॉट नेटच्या मध्यभाषेत रूपांतरित होऊन. सेवा आणि बॅच कामे सर्व्हरवर दुसऱ्या पद्धतीने चालत. एक्स++ चा स्वतःचा डीबगर केवळ पहिल्या प्रकारात थांबत असल्याने, फॉर्मवरून चालवताना लागणारा ब्रेकपॉइंट बॅचमध्ये लागत नसे. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ सर्व्हरच्या प्रक्रियेला जोडावा लागे किंवा वापरकर्त्याच्या पर्यायांत मध्यभाषेतील अंमलबजावणी तात्पुरती बंद करावी लागे. याखेरीज सर्व्हरच्या संरचनेत ब्रेकपॉइंटची परवानगी आणि वापरकर्त्याचे डीबगिंग गटातील सदस्यत्व या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या.

डायनॅमिक्स ३६५ च्या वित्त व पुरवठासाखळी प्रणालींत सर्व दोषनिवारण व्हिज्युअल स्टुडिओतून होते. तेथे केवळ चालू सोल्युशनमधील घटकांचीच चिन्हमाहिती लोड करण्याचा पर्याय असतो. तो निवडलेला असताना सोल्युशनबाहेरील वर्गात लावलेला ब्रेकपॉइंट पोकळच राहतो. बॅच कामांसाठी वेब प्रक्रियेऐवजी बॅच सेवेच्या प्रक्रियेला डीबगर जोडावा लागतो.

### ईआरपीनेक्स्ट

मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली पायथन व जावास्क्रिप्टवर आधारित आहे. तिच्यात दीर्घकाळ चालणारी कामे रेडिस-आधारित रांगेत टाकली जातात आणि ती वेब सर्व्हरहून वेगळ्या कामगार-प्रक्रिया पार पाडतात. त्यामुळे वेब प्रक्रियेला जोडलेला डीबगर रांगेतील कामात थांबत नाही. विकासाच्या काळात काम रांगेत टाकणाऱ्या फलनाला 'आत्ताच चालव' या अर्थाचा पर्याय दिल्यास तेच काम वेब प्रक्रियेत चालते आणि ब्रेकपॉइंट लागतो. तपासणी संपल्यावर हा बदल मागे घेणे आवश्यक असते. अन्यथा वापरकर्त्याला काम पूर्ण होईपर्यंत पडद्यासमोर थांबावे लागते.

## निदानाचा क्रम

कारणे अनेक असली तरी त्यांचा शोध ठरावीक क्रमाने घेतल्यास वेळ वाचतो.

1. ओळ चालते का? ब्रेकपॉइंटच्या ओळीलगत नोंदवहीत एक वाक्य लिहिणारी आज्ञा ठेवावी. नोंद उमटली, तर ओळ चालते आणि दोष डीबगरच्या मांडणीत आहे. नोंद उमटली नाही, तर कोड जुना आहे किंवा अंमलबजावणी तेथवर पोहोचत नाही.
2. कोणती प्रत चालते? नोंदीचे वाक्य दर वेळी बदलावे. जुने वाक्य उमटत राहिले, तर जुनी प्रत चालू असल्याचे सिद्ध होते.
3. ओळ कोठे चालते? त्याच नोंदीत प्रक्रियेचा क्रमांक, सर्व्हरचे नाव आणि वापरकर्त्याचे नाव लिहावे. डीबगर जोडलेल्या प्रक्रियेशी ते ताडून पाहावे.
4. चिन्हमाहिती जुळते का? मॉड्यूलांच्या यादीत फाइलचा मार्ग आणि चिन्हमाहितीची स्थिती पाहावी.
5. खूण सक्रिय आहे का? अट, फेऱ्यांची मोजणी, मुदत, अधिकार आणि सर्व ब्रेकपॉइंट बंद करणारे बटण तपासावे.
6. अंमलबजावणी कोठे वळते? ओळ खरोखरच चालत नसेल, तर हाक मारणाऱ्या फलनाच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून एकेक पाऊल पुढे जावे. वाटेत उद्भवलेला आणि गिळला गेलेला अपवाद, आधीच साठवलेले उत्तर परत देणारा कोड किंवा संरचनेतील एखादी निवड तेथे सापडते.

उदाहरणार्थ, विक्रीबिलावर कराचा दर चुकीचा येत आहे आणि दर ठरवणाऱ्या फलनातील ब्रेकपॉइंट लागत नाही, असे समजू. नोंद उमटली आणि तिच्यातील वापरकर्त्याचे नाव एखाद्या तांत्रिक खात्याचे निघाले, तर बिल दुसऱ्या प्रणालीकडून येत असल्याचे कळते. याउलट नोंद उमटलीच नाही आणि मागे जाऊन पाहता दर ग्राहकाच्या जुन्या बिलातून नकलल्याचे दिसले, तर न लागलेला ब्रेकपॉइंट हाच दोषाचा पुरावा ठरतो : दर ठरवणारे फलन बरोबर आहे, पण त्याला कोणी हाकच मारत नाही.

## प्रत्यक्ष वापरातील प्रणालींबाबत दक्षता

ब्रेकपॉइंट लागत नाही म्हणून चाचणी प्रणाली सोडून प्रत्यक्ष वापरातील प्रणालीत तो लावण्याचा मोह होतो. तेथे तो लागला, तर अधिक मोठ्या अडचणी उद्भवू शकतात. थांबलेल्या व्यवहाराने विदागारातील नोंदींवर घेतलेली कुलपे तशीच राहतात आणि त्याच नोंदी हव्या असलेल्या इतर वापरकर्त्यांचे काम अडते. मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर आपल्या कार्यप्रक्रियांची नियमित चौकशी करतो. मूळ मांडणीनुसार ९० सेकंदांत उत्तर न मिळाल्यास तो प्रक्रिया बंद करतो. सॅपमध्ये दोषनिवारणासाठी राखलेल्या कार्यप्रक्रिया संपल्यास डीबगर असमावेशक पद्धतीने चालतो आणि त्यात विदागारातील बदल मधल्या टप्प्यावरच पक्के होऊ शकतात. असे अर्धवट व्यवहार नंतर निस्तरणे कठीण असते. याच कारणास्तव दोषनिवारणाचे अधिकार मोजक्या व्यक्तींनाच दिले जातात.

अशा प्रणालींत ब्रेकपॉइंटऐवजी नोंदवही, व्यवहाराचा माग ठेवणारी साधने किंवा अंमलबजावणी न थांबवता मूल्ये टिपणारे ट्रेसपॉइंट वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते. डायनॅमिक्सच्या ग्राहकसंबंध प्रणालीत विलग वातावरणात चालणाऱ्या प्लगइनना दूरस्थ सर्व्हरवर डीबगर जोडता येत नाही. तेथे प्रोफाइलरने टिपलेला प्रसंग प्रोग्रामर स्वतःच्या संगणकावर पुन्हा चालवून पाहतो.

थांबण्यामुळे आज्ञावलीतील घटनांचा कालक्रम बदलतो, हेही लक्षात घ्यावे लागते. दोन प्रक्रियांच्या शर्यतीतून निर्माण होणारा दोष ब्रेकपॉइंट लावताच नाहीसा होऊ शकतो. निरीक्षणाने बदलणाऱ्या अशा दोषांना भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांच्या नावावरून 'हायझेनबग' असे संबोधले जाते. तपासणी संपल्यावर कोडमध्ये लिहिलेल्या ब्रेकपॉइंटच्या आज्ञा आणि तात्पुरत्या नोंदी काढून टाकणे हा दोषनिवारणाचाच अखेरचा टप्पा समजला जातो.

## हे सुद्धा पहा

* डीबगर
* एनिॲक
* कंपायलर
* एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग
* अबाप
* ईआरपीनेक्स्ट